कॉर्नवॉलचा कोळशाचा हिशेब

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलमध्ये तांबे आणि कथील मुबलक होते, कोळसा मात्र नव्हता. खाणी जितक्या खोल जात तितके पाणी साचे, आणि ते उपसणाऱ्या यंत्रांसाठी कोळसा साउथ वेल्सहून गलबतांनी आणावा लागे. म्हणूनच वाया जाणाऱ्या उष्णतेचा माग इथल्या लोकांनी जिद्दीने काढला.

थॉमस न्यूकोमेनचे यंत्र १७१२ मध्ये डडलीजवळच्या कोळसाखाणीवर बसले. सिलिंडर वाफेने भरायचा, मग आतच थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण झाली की बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबत असे. पण त्या फवाऱ्याने सिलिंडरही गार पडे. पुढच्या फेरीची बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. खाणीच्या तोंडाशीच कोळसा असेल तर हे खपून जाई. कॉर्नवॉलला ते परवडणारे नव्हते.

जेम्स वॉटने १७६५ मध्ये यावर तोड शोधली. वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची आणि सिलिंडर कायम गरम ठेवायचा. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी मोबदलाही बचतीवरच ठरवला. जुन्या यंत्राच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा त्यांचा. यंत्राने किती हेलकावे घेतले ते मोजण्यासाठी त्यावर कुलूपबंद गणक बसवले गेले. खाणमालकांना ही वसुली जाचक वाटे, त्यातून कोर्टकचेऱ्याही झाल्या.

१८०० मध्ये वॉटचे पेटंट संपले. बोल्टन-वॉटची माणसे निघून गेली, देखरेख सुटली आणि यंत्रांची कामगिरी घसरली.

तेव्हा खाणींच्या कप्तानांनी, म्हणजे व्यवस्थापकांनी, एक वेगळीच वाट धरली. १८११ मध्ये जोएल लीन यांच्याकडे यंत्रे तपासून दर महिन्याला अहवाल देण्याचे काम सोपवले गेले. मोजमाप सोपे होते: एका बुशेल (तेव्हाचे एक माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढले? सुरुवातीची सरासरी दोन कोटी पौंडांच्याही आत होती. आता कोणत्या खाणीचे यंत्र किती कोळसा खाते, हे शेजारच्या खाणीलाही कळू लागले. एकाची युक्ती दुसरा उचलू लागला. रिचर्ड ट्रेव्हिथिक आणि आर्थर वुल्फ यांनी जास्त दाबाची वाफ वापरली. सॅम्युअल ग्रोस यांनी उष्णता बाहेर निसटू नये म्हणून सिलिंडर आणि नळ्यांभोवती जाड आवरण घातले. त्यांच्या व्हील टोवन खाणीतल्या यंत्राने १८२८ मध्ये ८ कोटी ७० लाखांचा आकडा गाठला. १८३५ मध्ये फोवी कॉन्सोल्सच्या यंत्राने चाचणीत साडेबारा कोटींची मजल मारली.

या आकड्यांचा उपयोग खाणींपुरता राहिला नाही. मँचेस्टरमधल्या एका मद्यनिर्मात्याचा मुलगा जेम्स जूल १८४० च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या मोटरीचा कस लावत होता. त्याने मोटरीची तुलना केली ती कॉर्नवॉलच्या उत्तम यंत्रांशीच. एक पौंड कोळशावर ती यंत्रे सुमारे १५ लाख पौंड एक फूट उचलत. बॅटरीत एक पौंड जस्त खर्चूनही मोटरीला त्याच्या चौथाईएवढेही जमत नव्हते. मोटरीची आशा सोडून जूल उष्णता आणि यांत्रिक कार्य यांच्यातले नेमके प्रमाण मोजण्याकडे वळला. १८४३ पासूनच्या त्याच्या प्रयोगांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला भक्कम आधार दिला.