विनोदी चित्रपटातला पाहुणा

मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘पाहुणे कलाकार’ हे शब्द इतक्या सवयीने येतात, की त्यातल्या ‘पाहुणा’ या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. इंग्रजीतला ‘कॅमिओ’ मूळचा खड्यावर कोरलेल्या मुखचित्राचा. १९५६ साली निर्माता माइक टॉड याने ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मध्ये चाळीसहून अधिक नामवंतांना क्षणभर हजेरी लावायला लावली आणि तो शब्द चित्रपटाच्या परिभाषेत रूढ झाला. कॅमिओत महत्त्व चेहऱ्याला आहे. पाहुणा म्हटले, की घर कोणाचे, हा प्रश्न आधी येतो. प्रसिद्ध चेहऱ्याच्या ओझरत्या दर्शनाने विनोदी चित्रपटाचे भले होते की नुकसान, याचा विचार आम्हांला याच प्रश्नापासून सुरू करावासा वाटतो.

गोष्टीतून बाहेर पडून प्रेक्षकांच्या जगाकडे बोट दाखवणे मराठी माणसाला नवे नाही. तमाशाच्या वगात राजा-प्रधानाची कथा चालू असताना सोंगाड्या मध्येच समोरच्या गावाशी बोलतो, गावच्या पुढाऱ्याला चिमटा काढतो आणि निर्विकारपणे पुन्हा कथेत शिरतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके यांनी याच वाटेने नाव कमावले. पण ही चौकट मोडणारा घरचाच माणूस असतो, आणि मोठ्यांना लहान करणे हे त्याचे काम असते. प्रसिद्ध पाहुणा आला, की नेमके उलटे होण्याचा धोका उभा राहतो.

हा धोका ओळखून त्याच्याशी खेळलेला चित्रपट म्हणजे बासू चॅटर्जी यांचा ‘छोटी सी बात’ (१९७६). भाषा हिंदी, पण अमोल पालेकरांचा अरुण म्हणजे बसथांब्यावर प्रभाची वाट पाहत झुरणारा मुंबईचा कारकुनी मध्यमवर्ग, आपल्या ओळखीचा. यात दोन वेळा तारे येतात. एकदा अरुण चित्रपटगृहात बसलेला असताना पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमामालिनी गात असतात, आणि बघता बघता त्यांच्या जागी अरुणला आपण आणि प्रभा दिसू लागतो. दुसऱ्यांदा, खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे धीटपणाचे धडे घ्यायला गेलेल्या अरुणच्या देखत खुद्द अमिताभ बच्चन त्याच कर्नलकडे सल्ला मागायला येतो. आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘दीवार’ झळकला होता. पडद्यावर कोणापुढेही न झुकणारा तो तरुण इथे सल्ल्यासाठी आलेला एक माणूस होतो! तारा कारकुनाच्या उंचीवर उतरतो आणि विनोद घडतो. (बी. आर. चोप्रा यांची ही निर्मिती असल्याने त्यांच्याच ‘जमीर’ची जाहिरात यात उरकून घेतली आहे, हे खरे. पण ती खुपत नाही.)

हृषीकेश मुखर्जींच्या ‘गोलमाल’मध्येही (१९७९) अमिताभ स्वतः म्हणूनच काही क्षण दिसतो. आमच्या मते त्यातला खरा पाहुणा मात्र देवेन वर्मा. तोही स्वतःचीच भूमिका करतो. पारंपरिक पोशाखावर जीव असलेल्या भवानीशंकरांसमोर मुलाखतीला जायचे, तर आखूड कुडता हवा, म्हणून रामप्रसाद आपल्या या नट मित्राकडे धाव घेतो. पुढचा सारा घोटाळा त्या उसन्या कुडत्यात उभा आहे. देवेन वर्मा नट नसता तर कुडता मिळाला नसता. पाहुण्याची प्रसिद्धी कथानकाला अशी उपयोगी पडली, तर तो पाहुणा उरत नाही.

मराठी विनोदी चित्रपटाकडे असे तारे बोलावण्याइतका पैसा फार काळ नव्हता. त्याचे काही भलेच झाले म्हणावे लागेल, कारण त्याने पाहुणे बोलावले ते गळ्यासाठी. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गुळाचा गणपती’त (१९५३) भीमसेन जोशींचा आवाज आला, सचिन यांच्या ‘गंमत जंमत’मध्ये (१९८७) किशोरकुमार अशोक सराफांसाठी गायले. प्रेक्षकाने आवाज ओळखला, तरी पडद्यावर दिसत राहिला तो घरचाच नट.

२००४ सालच्या ‘अगं बाई अरेच्चा!’त चित्र बदललेले दिसते. बायकांच्या मनातले ऐकू येऊ लागलेल्या पुरुषाची केदार शिंदे यांनी सांगितलेली ही गोष्ट संजय नार्वेकरांच्या गोंधळलेल्या चेहऱ्यावर मजेत चालली असता एका गाण्यापुरती सोनाली बेंद्रे येते. गाणे गाजले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे ध्रुवपद हिंदी आहे. पाहुणी आपली भाषाही सोबत घेऊन आली आणि घरच्यांनी तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. एरवी पाहुणचारात हे शोभून दिसते. ज्या चित्रपटाची सारी गंमत मनातल्या बोलीवर उभी आहे, त्यात मात्र ते खटकते. पुढे ‘लय भारी’त (२०१४) सलमान खान मराठी बोलला, तेव्हा शिट्ट्या पडल्या त्या त्याच्या मराठी बोलण्यालाच. तो चित्रपट विनोदी नव्हे, पण आपल्या आत्मविश्वासाचे माप त्या शिट्ट्यांत आहे.

याच काळातला ‘देऊळ’ (२०११) म्हणून वेगळा वाटतो. देवाच्या नावाने गावात चाललेल्या बाजाराची ही उपहासिका. ‘ब्यारी’सह तिला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीत नसिरुद्दीन शाह येतात ते चोराच्या छोट्याशा भूमिकेत. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी त्यांच्याभोवती कसलाही गाजावाजा करीत नाहीत.

पाहुण्याचा विषय निघाला, की आम्हां यवतमाळकरांना २०१९ चे साहित्य संमेलन आठवल्यावाचून राहत नाही. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाले, आणि उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातल्या शेतकरी पत्नी वैशाली येडे यांनी. न झालेले भाषण सर्वत्र वाचले गेले. व्यासपीठ मात्र घरच्या बाईचे झाले. या प्रसंगाची विनोदाशी तुलना करणे अप्रशस्त होईल. पण मोठ्या नावावाचून समारंभ उणा राहतो, ही समजूत तेव्हा आमच्यापुरती तरी सैल झाली.

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मरणावर सतीश मनवर यांनी केलेल्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) हसू आहे, आणि पाहुणा एकही नाही. शेजाऱ्याने जीव दिल्यापासून आपला नवराही तेच करील या धास्तीने बायको लहानग्या पोराला त्याच्या मागावर ठेवते, त्याच्या आवडीचे रांधते. आणि तो बिचारा, आज घरात एवढे गोडधोड कशाला, म्हणून चक्रावतो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या त्या प्रसंगांना चित्रपटगृहात हशा येतो आणि मध्येच थांबतो. त्या घराच्या दारात एखादा ओळखीचा तारा क्षणभर जरी उभा राहिला असता, तरी हशा थांबला नसता.