मेमरी अलाइनमेंट दोष
चुकीच्या सीमेवरच्या पत्त्यावर विदा वाचायला वा लिहायला गेल्याने सी किंवा असेंब्लीतला प्रोग्राम मध्येच बंद पडण्याचा दोष. चार बाइटांच्या पूर्णांकाचा पत्ता सामान्यतः ४ ने, आठ बाइटांच्या 'डबल' संख्येचा ८ ने भागला जावा लागतो.

पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये उभारलेल्या परम १०००० या महासंगणकातले अल्ट्रास्पार्क प्रोसेसर याबाबत कडक. असा पत्ता आला की थेट 'बस एरर'. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत सर्रास दिसणारे एक्स८६ संगणक सहसा खपवून घेतात आणि खरी पंचाईत इथेच होते, कारण दोष दडून राहतो. एक्स८६ची 'मूव्हॅप्स' ही सूचना मात्र १६ ची सीमा मागते. असेंब्लीतून 'प्रिंटएफ' बोलावताना स्टॅक ८ बाइटांनी सरकलेला असला, तर प्रोग्राम अशा सूचनेवर कोसळतो आणि लिनक्स 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढेच सांगते. जीडीबी या डीबगरमध्ये थांबलेली सूचना व तिने मागितलेला पत्ता पाहावा. षोडशमान पत्त्याचा शेवटचा अंक ० ऐवजी ८ दिसला, की शोध जवळपास संपला. कॉलपूर्वी स्टॅक सोळाच्या सीमेवर आणावा. सीमध्ये पॉइंटरचा प्रकार जबरदस्तीने बदलण्यापेक्षा 'मेमसीपीवाय'ने बाइट उतरवून घेणे केव्हाही चांगले. एक्स८६ वर कंपायलर त्याची बहुधा एकच सूचना करतो.