केटामाइन : औषध, गैरवापर आणि नियंत्रणाचा इतिहास (वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
अमली पदार्थांची चर्चा करताना समाजाचे लक्ष प्रामुख्याने अफू, गांजा व हेरॉइन यांच्याकडे जाते. केटामाइनचे स्वरूप मात्र वेगळे आहे. हा पदार्थ शेतातून आलेला नसून प्रयोगशाळेतून आला आणि आजही तो शस्त्रक्रियागृहात रुग्णाचे प्राण वाचवतो. त्यामुळे त्याच्या गैरवापराचा इतिहास हा एका उपयुक्त औषधाचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या दुहेरी वाटचालीचा आढावा घेऊन वाशिमसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

औषधाचा उदय :
१९६२ मध्ये अमेरिकेतील पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी केटामाइन तयार केले. त्याआधीच्या फेनसायक्लिडीन या भुलीच्या औषधाने रुग्ण शुद्धीवर येताना दीर्घकाळ भ्रमिष्ट होत असत. त्याला पर्याय शोधणे हा या संशोधनाचा हेतू होता. १९६४ मध्ये डॉ. एडवर्ड डॉमिनो व डॉ. गुंटर कॉर्सेन यांनी त्याचा मानवावर प्रयोग केला. १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि व्हिएतनाम युद्धातील जखमींसाठी ते वापरले गेले. नेहमीच्या मात्रेत श्वसन व रक्तदाब बहुधा टिकून राहतात, हा त्याचा मोठा गुण होय. महागडी उपकरणे नसलेल्या ठिकाणीही ते वापरता येते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याची गणना २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांत केली. जेथे मोठी रुग्णालये दूर आहेत, अशा प्रदेशांत या औषधाचे मोल सर्वाधिक असते.

गैरवापर व दुष्परिणाम :
मेंदूतील एनएमडीए ग्राहींना अवरोध करून केटामाइन शरीर व जाणीव यांचा संबंध तात्पुरता तोडते. रुग्णाला वेदनेपासून मुक्त करणारी हीच अवस्था नशेचे आकर्षण ठरली. इंजेक्शनचा द्रव सुकवून त्याची पूड करता येते, हेही गैरवापरास साहाय्यभूत ठरले. तात्कालिक परिणामांत भ्रम, तोल जाणे, वेदनेची जाणीव हरपणे व अपघात यांचा समावेश होतो. मद्य किंवा इतर गुंगीकारकांसोबत घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

दीर्घकालीन हानी अधिक उशिरा लक्षात आली. २००७ मध्ये कॅनडा व हाँगकाँग येथील डॉक्टरांनी नियमित सेवन करणाऱ्यांमध्ये मूत्राशयाचा गंभीर विकार नोंदविला. वारंवार व वेदनायुक्त लघवी, लघवीतून रक्त, मूत्राशयाचे आकुंचन आणि पुढे मूत्रपिंडाची हानी असा त्याचा क्रम असतो. लघवीच्या तपासणीत जंतू न आढळल्याने निदान लांबते आणि तरुण रुग्ण खरे कारण सांगत नाही. स्मरणशक्तीचा ऱ्हास, पित्तनलिकांचे विकार व मानसिक अवलंबित्व हेही परिणाम दिसून येतात.

भारतातील नियंत्रण :
भारतात गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ मध्ये लागू झाला. मात्र केटामाइन दीर्घकाळ त्याच्या कक्षेबाहेर राहिले. या काळात भारतात निर्मित केटामाइन अवैध मार्गाने पूर्व व आग्नेय आशियात जात होते. अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये ते या अधिनियमाखाली आणले गेले. १० ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प, तर ५०० ग्रॅमहून अधिक प्रमाण व्यापारी मानले जाते. व्यापारी प्रमाणासाठी किमान १० वर्षे सश्रम कारावासाची तरतूद आहे. २०१३ मध्ये त्याचा औषध नियमांच्या अनुसूची ‘एक्स’मध्ये समावेश होऊन विक्रीच्या नोंदी बंधनकारक झाल्या. तरीही डिसेंबर २०१३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने जळगावच्या औद्योगिक वसाहतीतून १००० किलोहून अधिक केटामाइन जप्त केले. अवैध उत्पादन केवळ महानगरांपुरते मर्यादित नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

याउलट, २०१५ मध्ये केटामाइनवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणण्याचा चीनचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगापुढे आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने त्यास प्रतिकूल मत दिले. कडक निर्बंधांमुळे गरीब देशांतील शस्त्रक्रिया अडतील, हे त्यामागील कारण होते. आयोगाने निर्णय पुढे ढकलला.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, नियंत्रण सैल राहिले तेव्हा औषध कारखान्यातून नशेच्या बाजारात गेले. परंतु ते अतिरेकी झाले तर त्याची किंमत ग्रामीण रुग्णालयातील रुग्णाला मोजावी लागेल. म्हणून साठ्याची काटेकोर नोंद आणि रुग्णालयांना अखंड पुरवठा या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे आवश्यक आहे. जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी पुणे, मुंबई, नागपूर येथे जातात. त्यांना केवळ शिक्षेची भीती घालणे पुरेसे नाही. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस याच अधिनियमातील कलम ६४-अ अन्वये काही अटींवर खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, ही माहितीही त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. वर्गात सतत गैरहजर राहणारा, लघवीच्या त्रासाने वारंवार बाहेर जाणारा विद्यार्थी शिस्तभंगाचा विषय नसून उपचाराचा विषय असू शकतो, याचे भान प्राध्यापकांनी ठेवणे ही काळाची गरज आहे.