कल्याणचा बिशप

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगायला घेतला की सुरुवात बहुतेकदा १५३४ पासून होते. गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, पाठोपाठ मिशनरी आले, चर्च उभी राहिली. यात खोटं काही नाही, पण ही सुरुवात नव्हे. त्याआधी जवळजवळ हजार वर्षं, सहाव्या शतकाच्या मध्यावर, अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत नोंदवून ठेवलं की कल्लियाना नावाच्या ठिकाणी पर्शियातून नेमलेला बिशप आहे. कॉस्मस इंडिकोप्लूस्टेस या नावाने तो पुढे ओळखला गेला. त्याचं कल्लियाना म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरचं कल्याण, आणि तिथले ख्रिस्ती लोक चार दिवसांचे पाहुणे नव्हते, असं माझं म्हणणं आहे.

पहिला आक्षेप नावाचाच आहे. कुणी उडुपीजवळचं कल्याणपूर पुढे करतं, कुणी थेट केरळातलं कोल्लम. याचं उत्तर खुद्द कॉस्मसच देतो, पण ग्रंथाच्या दुसऱ्या भागात. तिथे तो किनाऱ्यावरची बंदरं क्रमाने सांगतो: आधी सिंध, मग ओऱ्होथा म्हणजे सौराष्ट्राचा भाग, मग कल्लियाना, मग सिबोर, आणि त्यानंतर मिरीचा मुलूख माले, म्हणजे मलबार. सिबोर म्हणजे चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सौराष्ट्र मागे टाकून चौलला पोहोचण्याआधी लागणारं मोठं बंदर कल्याणखेरीज कुठलं? कोल्लम तर मालेतच मोडतं. मालाची यादीही हेच सांगते. कल्लियानातून तांबं, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जातं असं तो लिहितो. मिरीचं नाव नाही. देशावरून नाणेघाट उतरून येणारा माल ज्या गावात गोळा होत असे, त्याला हे वर्णन चपखल बसतं. शिवाय त्याच्या आधी पाच शतकं ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेच्या अनामिक कर्त्यानेही सोपाऱ्यानंतर लगेच कल्लियेनाच नोंदवलं आहे.

पण कॉस्मसवर विश्वास किती ठेवायचा? पृथ्वी सपाट आणि विश्व पेटीसारखं आहे, हे सिद्ध करण्यासाठीच त्याने ग्रंथ रचला. तो स्वतः हिंदुस्थानात आला होता का, यावरही वाद आहे. तरीही या एका बाबतीत त्याची साक्ष वजनदार ठरते. ज्या मार आबाला तो आपला गुरू मानतो, तो ५४० मध्ये पर्शियन चर्चचा प्रमुख, कॅथोलिकोस, झाला. कुठल्या बंदरात कोण नेमला आहे, ही त्या चर्चच्या घरातली गोष्ट होती. विश्वाच्या आकाराबद्दल चुकणारा माणूस आपल्या गुरूच्या चर्चबद्दलही चुकलाच असेल, असं धरून चालता येत नाही.

सगळ्यात दमदार आक्षेप तिसरा: हे सगळे पर्शियन व्यापारी असतील, माल उतरवून वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत थांबणारे. इथे कॉस्मसची शब्दांची निवड नीट पाहायला हवी. श्रीलंकेबद्दल तो स्पष्ट लिहितो, की तिथे वस्तीला आलेल्या पर्शियन ख्रिस्ती लोकांचं चर्च आहे, त्यांच्यासाठी पर्शियातून नेमलेला एक धर्मगुरू आणि एक डीकन आहे. म्हणजे व्यापाऱ्यांच्या वसाहतीला धर्मगुरू पुरत होता. कल्याणला मात्र बिशप होता. बिशपचं खास काम नव्या धर्मगुरूंना दीक्षा देण्याचं. त्याची गरज तिथेच पडते, जिथे पुढच्या पिढीची सोय लावायची असते. या मंडळींत कोकणातले किती आणि पर्शियन किती, हे ठरवायला मात्र या नोंदीचा उपयोग नाही, आणि तिच्यावर तेवढा भार टाकू नये. प्रेषित बार्थोलोम्यू कोकणात आला होता, ही परंपराही मी या पुराव्यात धरत नाही. प्राचीन लेखकांच्या ज्या ‘इंडिया’वर ती उभी आहे, तो शब्द त्या काळी अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत कुठेही लावला जाई.

मग कल्याणात एखादा क्रूस, एखादा शिलालेख का सापडत नाही? गोव्यात जुवारीकाठी आगशीला पहलवी अक्षरांचा क्रूस मिळाला आहे, केरळात तर असे अनेक आहेत. पण कल्याण हे सतत नांदतं गाव. घरावर घर चढत गेलं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराचं, लोहाराचं दान कोरलेलं आहे, आणि कल्याणातल्या अंबालिका विहाराचाही उल्लेख आहे. तो विहार आज कल्याणात दाखवता येत नाही, तरी तो होता याबद्दल कुणी शंका घेत नाही. जो न्याय विहाराला, तोच चर्चला लावायला हवा.

या मंडळींमागे राजसत्ता नव्हती. ती जहाजांसोबत आली आणि जहाजांवरच अवलंबून राहिली. सातव्या शतकात कॅथोलिकोस तिसरा इशोयाब पर्शियातल्याच फार्स प्रांताच्या मुख्य बिशपला पत्रातून खडसावतो: तुमच्या बंडखोरीमुळे हिंदुस्थानातल्या लोकांना बिशप मिळेनासे झाले आहेत. दोर तिकडून तुटला की इकडे काय होत असेल, ते यावरून उमगतं. त्यानंतर या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वस्तीचं ठळक चित्र दिसतं ते चौदाव्या शतकात, खाडीच्या त्याच काठावर, कल्याणहून खाली ठाण्याला. इटलीचा फ्रान्सिस्कन साधू ओडोरिक तिथे नेस्टोरियन, म्हणजे त्याच पर्शियन चर्चच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं मोजतो आणि त्यांना पाखंडी म्हणतो. त्यांतल्याच एका घरी चार पाहुणे उतरले होते: १३२१ मध्ये मारले गेलेले त्याच्याच पंथाचे चौघे. ओडोरिक सांगतो, की त्या घरात रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, आणि सकाळी बायको तडक काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने घरात उतरलेल्या चार फिरंगी साधूंचं नाव घेतलं, आणि तिथूनच ते काझीच्या नजरेस पडले. ओडोरिकने हे सगळं साधूंच्या हौतात्म्यासाठी लिहिलं. पण गावच्या काझीचं दार कुठे आहे आणि तिथे दाद कशी मागायची, हे ठाऊक असलेली ती बाई ठाण्यात परकी नव्हती.