करडे गावचा 'रिव्ह्यू' : दीडशे वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांनी एकमुखानं मत दिलं तेव्हा

माझ्या पीएचडीचा विषय एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनमधला पतव्यवहार आहे. विषय सांगितला की लोक विचारतात, "याचा आज काय उपयोग?" आजची पोस्ट हे त्याचं एक उत्तर समजा. शिरूर किंवा दौंडमध्ये तुमचं दुकान, हॉटेल किंवा गॅरेज असेल, तर गूगलवरच्या ताऱ्यांकडे तुमचं लक्ष असणारच. ते असायलाही हवं. मायकेल लुका या अर्थतज्ज्ञानं 2011 मध्ये सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. रेटिंग एका ताऱ्यानं वाढलं की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं, असं त्याला आढळलं. त्यातही एक गंमत आहे. हा फायदा स्वतंत्र, लहान हॉटेलांना झाला. मोठ्या साखळ्यांना फारसा नाही, कारण त्यांची ओळख आधीच झालेली असते.

पण गिऱ्हाइकाच्या शब्दाचं वजन इंटरनेटनं आणलेलं नाही. आपल्याकडचा 'पत' हा शब्दच बघा ना. त्याचा अर्थ उधारी मिळण्याची लायकीही होतो आणि लोकांतला मानही. अकराव्या शतकात भूमध्य समुद्राकाठी व्यापार करणारे मगरिबी ज्यू व्यापारी परगावचा आडत्या कसा वागला हे पत्रांतून एकमेकांना कळवत. त्यानं फसवलं, तर त्याला कुणीच काम देत नसे. ॲव्हनर ग्रीफ या अभ्यासकानं त्या पत्रांवरूनच ही व्यवस्था उलगडून दाखवली.

आता आपल्या भागात येऊ. साल 1874, शिरूर तालुक्यातलं करडे गाव. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव पडले, उधारी आटली. त्यातच 1867 पासून जमीन महसुलाची फेरआकारणी सुरू झाली आणि अनेक ठिकाणी सारा 50 टक्क्यांहून जास्त चढला. शेतकरी दोन्हीकडून अडकला.

डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे 150 रुपयांच्या कर्जापायी कोर्टातून हुकूमनामा मिळवला. गाव चिडलं, पण हाणामारी झाली नाही. गावानं बहिष्कार घातला. बाहेरून आलेल्या सावकारांच्या दुकानातून कुणी माल घेईना, त्यांची जमीन कुणी कसेना. न्हावी, परीट, चर्मकार त्यांचं काम करीनात. हे लोण पुणे, नगर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांत पसरलं. काही गावांनी तर संमतीपत्रं लिहून काढली : जो हा ठराव मोडेल, त्यालाही गाव वाळीत टाकेल.

मी याला 'रिव्ह्यू' म्हणतोय ते नुसतं गमतीनं नाही. एकेकटा शेतकरी दुकान बदलू शकत नव्हता. किराणा आणि कर्ज बहुतेकदा एकाच दारात मिळायचं. हिशेबाची वही दुकानदाराकडे आणि कर्जरोख्यावर अंगठा शेतकऱ्याचा. व्यवहाराची नोंद एकाच बाजूकडे होती. संमतीपत्र म्हणजे गिऱ्हाइकांनी स्वतः लिहिलेली दुसरी नोंद.

पुढचं तुम्ही शाळेत वाचलं असेल. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांकडे वह्या आणि रोखे मागू लागले. वह्या जाळल्या गेल्या, धान्याची दुकानं लुटली गेली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं आणि आजचं दौंडही त्याच तालुक्यात. दंगलीची झळ तीसहून जास्त गावांना लागली, 951 जणांना अटक झाली. माणसांपेक्षा कागदांवर राग जास्त होता, हे लक्षात घ्या.

इथे दोन गोष्टी विसरू नयेत. एक : राग जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला, स्थानिक ब्राह्मण सावकार बहुतेक ठिकाणी सुटले. म्हणजे लोकांचं मत खरं असलं तरी निष्पक्ष असतंच असं नाही. त्यात 'आपला' आणि 'परका' मिसळतो. आजही एखाद्या दुकानावर एका दिवसात शंभर एक-ताऱ्याचे शेरे पडतात, तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा.

दोन : मत कोण मागतंय, यावर ते कसं वाचलं जाणार हे ठरतं. सरकारनं चौकशी आयोग नेमला, त्यानं शेतकऱ्यांच्या साक्षी घेतल्या आणि अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. निष्कर्ष काय? दोष सावकारांचा, वाढीव साऱ्याचा नाही. सारा वसूल करणारं सरकारच चौकशी करत होतं! स्वतःच्या दुकानाचे अभिप्राय स्वतः निवडून भिंतीवर लावावेत, तसंच हे. अर्थात त्या साक्षी जपल्या गेल्या म्हणूनच आज आपण त्या उलट्या बाजूनं वाचू शकतो.

या सगळ्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. कर्जरोखे सरकारी निबंधकासमोर व्हावेत, पैसे भरल्यावर पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मागता यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. गिऱ्हाइकाच्या हातात कागद आला.

माझ्या मते धंदा वाढवणाऱ्यासाठी खरा धडा इथेच आहे. अभिप्राय मागण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात कागद द्या : पक्कं बिल, उधारीचा दोघांकडे सारखाच हिशेब, बदलून देण्याचा स्पष्ट नियम. मग त्याचं मत मागा, आणि ते वाईट आलं तरी पुसायला न धावता उत्तर द्या. विकतचे तारे घेऊ नका. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं, ते खोट्या ताऱ्यांचा सुळसुळाट झाला म्हणूनच.

ज्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची सोय आहे, त्याच्याच 'हो'ला किंमत असते. करड्याच्या लोकांना ती सोय गाव एक करून मिळवावी लागली. तुमच्या गिऱ्हाइकाला ती तुम्ही आपणहून देऊ शकता.

तुमच्या घरी जुने कर्जरोखे किंवा दुकानाच्या वह्या असतील, तर रद्दीत देऊ नका. आमच्यासारख्यांसाठी तेच खरे अभिप्राय.