वानर आणि माकड यांत फरक काय? फोटोवरून कसं ओळखायचं, आणि बोनोबो-चिंपांझीशी याचा काय संबंध?

चिंपांझी आणि बोनोबो यांच्यातला फरक सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. विषय भारी आहे, त्याच्याकडे आपण येऊच. पण आधी घरचा प्रश्न. आपल्या अमरावती-अकोल्याकडे दोन अगदी वेगळ्या प्राण्यांना आपण सरसकट 'माकड' नाहीतर 'वांदर' म्हणतो आणि मोकळे होतो.

हा नुसता जनरल नॉलेजचा विषय असता तर मी एवढं लिहिलं नसतं. वावरातलं पीक, चिखलदऱ्याची ट्रिप आणि माकडं पळवायला आणलेला स्पीकर, तिन्ही ठिकाणी समोर कोण आहे हे कळलं नाही तर नुकसान आपलंच होतं.

दोघांची ओळख

*वानर (हनुमान लंगूर)*
- काळं तोंड, काळे हातपाय, अंगावर राखाडी-पिवळसर केस.
- शेपूट अंगापेक्षा लांब.
- अंगकाठी सडपातळ, उड्या लांब. मोठ्या नराचं वजन १५ किलोच्या पुढे जाऊ शकतं.
- पिल्लू जन्मतः गडद रंगाचं असतं, काही महिन्यांत फिकट होतं.

*लाल तोंडाचं माकड (ऱ्हीसस)*
- लालसर तोंड, लाल बूड, तपकिरी अंग.
- शेपूट आखूड, साधारण एक वीत.
- अंग भरलेलं आणि ठेंगणं. नर साधारण ७-८ किलोचा.
- गालात पिशव्या असतात. मिळेल ते आधी गालात कोंबायचं, खायचं नंतर.

मेळघाटच्या जंगलात दोघंही आहेत. पण गावातल्या पिंपळावर, देवळाच्या कळसावर आणि तुरीच्या वावरात दिसतं ते आपल्याकडे बहुतेक वेळा वानरच.

फोटो लांबून काढला असेल आणि तोंड दिसत नसेल तर सरळ शेपूट बघा. शेपटीत आणखी एक गंमत आहे. उत्तरेकडची वानरं चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याकडे वळवतात, दक्षिणेकडची मागच्या बाजूला सोडतात. अभ्यासकांनी ही सीमा साधारण तापी-गोदावरीच्या पट्ट्यात सांगितली आहे, म्हणजे आपला वऱ्हाड या सीमेच्या अगदी जवळ आहे. पुढच्या वेळी वानर चालताना दिसलं की व्हिडिओ घ्या आणि कमान कुठे वळते ते बघा.

खरा फरक पोटात आहे

बाहेरून दोघं भाऊ वाटतात, पण आतलं मशीन वेगळं आहे. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. गाईच्या पोटासारखंच त्यात जिवाणू पाला आंबवतात आणि त्यातून वानराला ताकद मिळते. म्हणून उन्हाळ्यात सागाची पानगळ झाली तरी वानर इतर झाडांचा पाला, शेंगा, कच्ची फळं, बिया आणि फुलं यावर भागवून नेतं.

लाल तोंडाच्या माकडाचं पोट आपल्यासारखं साधं. त्याला फळं, धान्य, किडे, आपल्या डब्यातली पोळी, सगळं चालतं. त्यामुळेच उत्तर भारतातल्या शहरांत ते इतकं रुळलं.

आता यातून दोन गोष्टी निघतात. एक, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, तुरीच्या शेंगा, बागेतली नवी पालवी हे वानराच्या रोजच्या जेवणासारखंच आहे. ते वावरात मस्ती करायला येत नाही, जेवायला येतं. दोन, प्रेमानं दिलेली बिस्किटं आणि गोड पाव वानराच्या या आंबवणाऱ्या पोटाला मानवत नाहीत. पुण्य म्हणून दिलेल्या बिस्किटानं त्याचं पोट बिघडू शकतं.

टोळीचं राजकारण

वानरांच्या टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो, बाकी माद्या आणि पिल्लं. उरलेले नर वेगळी 'नरांची टोळी' करून फिरतात आणि संधी मिळाली की हल्ला करून टोळी ताब्यात घेतात. अशा वेळी नवा नर कधीकधी आधीच्या नराची पिल्लं मारतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात कर्नाटकात धारवाडजवळ हे नोंदवलं. पुढे सारा ब्लाफर हर्डी यांनी राजस्थानात माउंट अबूला अभ्यास करून कारण मांडलं: पिल्लू अंगावर पीत असताना मादी पुन्हा गाभण राहत नाही, पिल्लू गेलं की राहते. क्रूर आहे, पण नव्या नराच्या दृष्टीनं त्याला स्वतःची पिल्लं लवकर मिळतात. माद्या गप्प बसत नाहीत. त्या एकत्र येऊन नराला अडवतात, काही वेळा पिल्लू वाचतंही.

लाल तोंडाच्या माकडांत चित्र वेगळं. एका टोळीत अनेक नर आणि अनेक माद्या. माद्यांची घराणी असतात आणि आईचा मान लेकीला मिळतो. बहिणींमध्ये सहसा धाकटीचा मान मोठीपेक्षा वर!

एक साम्य लक्षात ठेवा: दोघांतही माद्या जन्माच्या टोळीतच राहतात आणि नर बाहेर पडतात. खाली चिंपांझीकडे आलो की हे कामी येईल.

ॲपमध्ये नावं वेगवेगळी का येतात?

गुगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्टवर वानराचा फोटो टाकला की कुठे 'हनुमान लंगूर' येतं, कुठे 'ग्रे लंगूर', कुठे 'नॉर्दर्न प्लेन्स लंगूर'. ॲप बिघडलेलं नाही. पूर्वी भारतातली सगळी वानरं एकच जात मानायचे, आता त्यांच्या अनेक जाती मानतात. जुनी आणि नवी नावं एकत्र फिरतात, एवढंच. आपल्या भागातल्या वानराचं शास्त्रीय नाव सेम्नोपिथेकस एन्टेलस, आणि लाल तोंडाच्या माकडाचं मकाका मुलाटा.

नोंद टाकताना लोकेशन चालू ठेवा आणि तोंड, शेपूट, पूर्ण अंग असे तीन फोटो द्या. एका फोटोवर ॲपनं दिलेलं उत्तर डोळे झाकून मानू नका.

'लंगूरचा आवाज' लावून पीक वाचतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात पैसे जातात. दिल्लीत लाल तोंडाची माकडं पळवायला वानराचा वापर व्हायचा. सप्टेंबर २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तिथे वानरांचे मोठे कटआउट उभे केले होते आणि वानराचा आवाज काढणारी माणसंही नेमली होती. ते व्हिडिओ व्हायरल झाले आणि 'लंगूर साउंड' च्या क्लिप आपल्या फोनपर्यंत पोचल्या.

पण जरा विचार करा. तिथे पळवायचं होतं लाल तोंडाचं माकड. आपल्या वावरात येतं ते वानर. वानराला वानराचाच आवाज ऐकवून ते का पळेल? शिवाय कुठलाही आवाज रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून आला की जनावर सरावतं. म्हणून 'माकड पळवणारं' यंत्र घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: कोणतं माकड?

खर्च न करता करण्यासारखं काम म्हणजे नुकसानीचा पुरावा. तारीख आणि लोकेशन दिसेल असे फोटो लगेच काढा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे.

सेल्फी काढताना

माकड दात दाखवतंय म्हणजे हसतंय, असं नाही. ओठ मागे ओढून दात दाखवणं हे बऱ्याचदा भीतीचं लक्षण. तोंड उघडून रोखून बघणं ही धमकी. दोन्ही वेळेस मागे सरका, नजर काढा, हातातलं खाणं लपवून ठेवा. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लस लागते का ते डॉक्टर ठरवतील. 'माकडच होतं, कुत्रं थोडीच' म्हणून टाळू नका.

आता बोनोबो आणि चिंपांझी

हे दोघं तर आपल्या वानर-माकडापेक्षा एकमेकांच्या कितीतरी जवळचे. त्यांच्या वाटा साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. वानर आणि लाल तोंडाचं माकड यांच्या वाटा त्याच्या कितीतरी आधी, कोटीच्या हिशोबात.

- कुठे राहतात: बोनोबो फक्त काँगो नदीच्या दक्षिणेला, काँगो लोकशाही प्रजासत्ताकात. चिंपांझी नदीच्या उत्तरेला, पश्चिम आफ्रिकेपासून टांझानियापर्यंत.
- ओळख कधी पटली: बोनोबोची वेगळी ओळख १९२९ मध्ये झाली, तीही बेल्जियमच्या संग्रहालयातल्या एका कवटीवरून.
- सत्ता कोणाची: चिंपांझीत नरांची. बोनोबोत माद्या एकी करून नरांना आवरतात.
- हिंसा: चिंपांझी शेजारच्या टोळीतल्यांना आणि पिल्लांनाही मारतात. बोनोबोत पिल्लं मारल्याची नोंद नाही. पण बोनोबो म्हणजे साधुसंत नव्हेत. २०२४ च्या एका अभ्यासात बोनोबो नरांची आपसातली भांडणं चिंपांझी नरांपेक्षा जास्त आढळली, फक्त ती जीवघेणी नव्हती.
- घर कोण सोडतं: दोघांतही माद्या. म्हणजे आपल्या वानर-माकडाच्या बरोबर उलट.

इथेच खरी गंमत आहे. वानराच्या माद्या जन्मभर सोबत राहणाऱ्या नातेवाईक, तरी नर पिल्लं मारू शकतो. बोनोबोच्या माद्या वेगवेगळ्या टोळ्यांतून आलेल्या, तरी एकीनं नरावर भारी पडतात. नुसत्या नात्यावरून एकी ठरत नाही.

नेहमीचे प्रश्न

*चिंपांझी माकड आहे का?* नाही. चिंपांझी, बोनोबो, गोरिला हे कपी. त्यांना शेपूट नसते.

*रक्तगटातल्या 'आरएच' चा ऱ्हीसस माकडाशी संबंध आहे का?* हो. ते नाव याच माकडावरून पडलं. १९४० मधल्या प्रयोगांत त्याचं रक्त वापरलं होतं.

*वानरांना खायला घालावं का?* नको. माणसाच्या हातून खायची सवय लागली की ते झाड सोडून रस्त्यावर बसतं आणि गाडीखाली येतं.

तुमच्या गावात कोण येतं, वानर की लाल तोंडाचं? शेपटीचा फोटो काढून आधी स्वतः ओळखा, मग ॲपला विचारा.