पाळण्यापूर्वीची नोंद

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा रोख मुलाच्या गुणांकडे असतो. परंतु गुणांप्रमाणे व्याधींची पावलेही पाळण्यात, किंबहुना पाळणा टांगण्याच्या आधीच, दिसू शकतील काय? हा प्रश्न गेल्या शतकात काही वैद्यकशास्त्रज्ञांनी विचारला. आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेइतकेच घरोघर हिंडून भरलेल्या साध्या नोंदवह्यांत मिळाले. अशा तीन नोंदवह्यांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ज्याची वीस वर्षे रुमालात बांधलेल्या दप्तरांच्या सहवासात गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला तो विशेष जवळचा वाटतो.

पहिली नोंदवही इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातली. बोअर युद्धाच्या काळात सैन्यभरतीसाठी आलेले पुष्कळ तरुण शरीराने दुबळे आढळले, आणि साम्राज्याचा कारभार हाकणाऱ्यांना प्रजेच्या आरोग्याची चिंता वाटू लागली. अशा वातावरणात, १९११ सालापासून, एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली त्या परगण्यात एक प्रघात सुरू झाला. मूल जन्मले की सुईणीने त्याचे वजन करावे; पुढे आरोग्यसेविकेने घरी जाऊन त्याची विचारपूस करावी; एक वर्षाचे झाले की पुन्हा वजन करावे; आणि हे सारे वहीत लिहावे. १९४८ पर्यंत हे काम चालले. वही भरणाऱ्या बायकांना तिच्यातून पुढे काय निष्पन्न होणार याची कल्पना असणे शक्यच नव्हते. समोरचे मूल जगावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

दुसरी नोंदवही त्याच देशातील न्यूकॅसल या शहरातली. टाइन नदीकाठचे हे शहर कोळसा आणि जहाजबांधणी यांबद्दल प्रसिद्ध होते. तेथील बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनी १९३४ साली गरीब वस्तीतील मुलांची सुखवस्तू घरांतील मुलांशी तुलना करून दाखविले होते की, गरिबांच्या मुलांचे दुखणाईतपण पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे आहे. पुढे १९४७ च्या मे व जून या दोन महिन्यांत शहरात जन्मलेल्या सर्व १,१४२ बालकांची त्यांनी नोंद केली आणि आरोग्यसेविकांच्या साहाय्याने त्यांच्या घरी जाऊन त्यांची आजारपणे टिपण्यास आरंभ केला. रुग्णालयात आणलेले मूल पाहणे निराळे, आणि ते ज्या घरात आजारी पडते ते घर पाहणे निराळे. या घरांतून हिंडताना दिसून आले की, बालकांच्या आजारांत श्वसनमार्गाच्या विकारांचा वाटा फार मोठा आहे आणि दाटीवाटीच्या, ओलसर घरांशी त्यांचे निकटचे नाते आहे. १९५४ साली या सहस्र कुटुंबांची हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

इकडे हर्टफर्डशायरच्या वह्या धूळ खात पडल्या होत्या. साउदॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर यांनी १९८६ साली एक चमत्कारिक गोष्ट पुढे मांडली. इंग्लंड व वेल्सच्या ज्या भागांत १९२०-३० च्या दशकात बालमृत्यू अधिक होते, त्याच भागांत चाळीस-पन्नास वर्षांनी हृदयविकाराने होणारे मृत्यूही अधिक होते. याचा उलगडा करण्यासाठी त्यांना जुन्या जन्मनोंदी हव्या होत्या; त्या शोधता शोधता बर्नसाइडबाईंच्या वह्या हाती लागल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून १९८९ साली त्यांनी दाखविले की, ज्यांचे वजन जन्मतः आणि वर्षाच्या वयात सर्वांत कमी होते, त्यांच्यांत हृदयविकाराचे मृत्यू सर्वाधिक होते. आक्षेप अर्थातच आले. अशक्त मूल बहुधा गरिबाचे. ते पुढेही गरीबच राहते. मग दोष गर्भावस्थेचा की जन्मभराच्या दारिद्र्याचा? हा आक्षेप रास्त होता, आणि त्याला उत्तर द्यावयाचे तर मुलांना जन्माआधीपासूनच पाहावयास हवे होते.

ते काम पुण्याजवळच्या खेड्यांत झाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाचे रुग्ण तपासताना एक विसंगती जाणवत असे. पाश्चात्त्य ग्रंथांतला रुग्ण वयस्क आणि स्थूल. समोर बसलेला मात्र तरुण, आणि बऱ्याच वेळा किडकिडीत. १९९३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या आसपासच्या सहा गावांतील दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद केली. कार्यकर्ते दर महिन्याला घरी जात, पाळीची तारीख लिहून घेत, दिवस राहिल्यावर आहार आणि शेतातले व घरातले कष्ट यांची विचारपूस करीत. पुढे सातशेहून अधिक मुले जन्मली. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. परंतु खरे आश्चर्य पुढेच होते. ही बालके हातापायांनी व पोटाने बारीक असली, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कृश दिसणारे मूल आतून मेदयुक्त असू शकते, हे यावरून कळून आले.

माहितीचा ओघ येथेच थांबला नाही. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची मुले अधिक भरलेली होती. सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव आढळली. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले की, ज्यांच्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम सर्वांत कमी होत होता. म्हणजे मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवर ती आधीच उभी होती. २०१२ पासून त्याच पिढीतील तरुण मुलामुलींना, आईबाप होण्यापूर्वीच, ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. आणि त्यांच्या अपत्यांच्या बौद्धिक विकासाच्या चाचणीत काही अंगांनी लाभ दिसला. अशा रीतीने या गावांची नोंदवही तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचली.

या साऱ्यातून एक चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका आहे. तो म्हणजे मुलाच्या व्याधीचा दोष आईच्या माथी मारण्याचा. जी बाई सर्वांची पंगत उठल्यावर उरलेले खाते, दिवस भरत आले तरी पाण्याचा हंडा वाहते, तिला आम्ही आहाराचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? तिच्या गर्भातले मूल तिच्या ताटाप्रमाणे घडते हे खरे. परंतु ते ताट वाढणारे हात घरातल्या सर्वांचे, गावाचे आणि राज्यकर्त्यांचेही असतात.

काही वर्षांपूर्वी एका गावी तपासणीस गेलो असता मी अंगणवाडीतील वजनांची वही चाळली होती. सर्व मुलांची वजने पूर्णांकांत होती. नऊ किलो, दहा किलो, अकरा किलो. कोपऱ्यातील काटा बंद पडला असल्याचे तेथील बाईंनी मला संकोचाने सांगितले होते. अर्जाची प्रत दाखविली होती. मी त्या पानाखाली 'पाहिले' असे लिहिले, सही केली आणि निघून आलो. काट्याचे पुढे काय झाले, याची चौकशी मी केली नाही.

हर्टफर्डशायरच्या त्या सुईणींचा हा इतिहास वाचताना मला ती सही आठवते. त्यांनी लिहिलेला एकेक आकडा अनेक दशकांनी साक्षीला उभा राहिला, कारण तो खरा होता. त्या गावातील मुले मोठी झाल्यावर कोणी त्यांची वही उघडली, तर तिच्यात माझी सही सापडेल. मुलांचे वजन मात्र सापडणार नाही.